मदत हवी आहे : दिसणे आणि ऐकू येणे दोन्ही गेलेल्या आत्यासाठी (वडोदरा)

नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहतो. माझ्या आत्याचे वय ६३ असून तिला अशर सिंड्रोम (ऐकणे आणि दिसणे दोन्हींवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) आहे. जन्मापासूनच कमी ऐकू येत असल्याने तिने श्रवणयंत्र लावून मराठी शाळेत शिक्षण घेतले. पुढे रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या विकारामुळे आधी रातांधळेपणा आला, मग बाजूचे दिसेनासे झाले आणि आता समोर माणूस आहे एवढेच कळते. श्रवणयंत्राचाही उपयोग राहिलेला नाही. ओठांच्या हालचालींवरून तिला बोलणे समजत असल्याने खुणांची भाषा शिकण्याची वेळ कधी आली नाही, आणि नेमका तोच आधार गेला.

सध्या आम्ही तिच्या तळहातावर बोटाने देवनागरी अक्षरे काढतो आणि शब्द संपला की हात फिरवून तो पुसतो. घाईत शिरोरेघ देत नाही, त्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत तिची गल्लत होते. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. यावर कोणी काही युक्ती बसवली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

ब्रेल शिकण्यास ती तयार आहे. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी) मराठी व गुजराती यांच्या समान अक्षरांना सारखेच ठिपके असल्यामुळे गुजराती शिक्षकही चालतील. मात्र घरी येऊन प्रौढांना शिकवणारे कोणी वडोदऱ्यात आहे का? अहमदाबादची सेन्स इंडिया आणि मुंबईची हेलन केलर इन्स्टिट्यूट या दिसणे-ऐकणे दोन्ही गेलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून साठी उलटलेल्या व्यक्तीला प्रशिक्षण मिळाल्याचा कोणाचा अनुभव आहे का?

दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात बहुविकलांगतेखाली या दुहेरी दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख असूनही तिच्या कार्डावर केवळ दृष्टिदोष नोंदवला आहे. ही नोंद बदलून घेतलेल्यांनी कोणते तपासणी अहवाल जोडले?

दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, हे दर्शवणारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी कोठे मिळेल, हेही सांगावे. तिच्या पांढऱ्या काठीमुळे ती अंध असल्याचे लोकांना समजते, म्हणून ते मागून ओरडून रस्ता सांगतात आणि ती वळली नाही की वर रागावतात.

अहमदाबादला जाऊन राहण्याचीही तिची तयारी आहे. शिकवणाऱ्याने तिच्या हातावर लिहून थेट तिच्याशीच बोलावे, माझ्यामार्फत नव्हे, एवढी तिची अट आहे.