फोटो आणि चित्र शेजारी ठेवा

पिन-अप चित्रांबद्दल (कॅलेंडरं-मासिकांतली आकर्षक तरुणींची चित्रं) बोलताना "एल्व्हग्रेनने फोटो नुसते गिरवले" असं म्हणतात, ते पटत नाही. अमेरिकन पिन-अप चित्रकार गिल एल्व्हग्रेन मॉडेलचा फोटो काढायचा हे खरंच, पण त्याचं तैलचित्र (बहुधा ३० × २४ इंची कॅनव्हास) त्या फोटोशेजारी ठेवून बघा. पाय लांबवलेले, कंबर आवळलेली, डोळे मोठे केलेले दिसतात. काटेकोर गिरवलं असतं तर ही मापं जुळली असती. दुसरा पिन-अप चित्रकार आल्बेर्तो वार्गास, त्याचं तंत्र वेगळं, जलरंग आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन). म्हणून त्वचेवर ब्रशचा फटकारा सापडत नाही, आणि माझ्या मते बाई थोडी मेणाची वाटते. पिन-अप काढणारी चित्रकर्ती झोई मोझर्ट मात्र पेस्टल (रंगीत खडू) वापरायची, अन् कित्येकदा आरसा लावून स्वतःच मॉडेल व्हायची. त्यामुळे "या चित्रांत सगळी पुरुषांचीच नजर" हेही सरसकट म्हणता येत नाही.