प्राण्यांवर जीव आणि ताटात मटण: तुमचं कसं चाललंय?

रानजाई:
काल कुत्र्याला लस द्यायला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले होते. ही गर्दी. शेजारच्या खुर्चीवर एक काका, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी. फक्त डोकं बाहेर. तिला पेंग आली की पापणी खालून वर सरकायची. कोंबडी डोळा असा मिटते हे इतकी वर्षं कोंबडी खाऊनही मला माहीत नव्हतं. काका तिला सांगत होते, "झालं गं, आता आपलाच नंबर." आणि माझ्या घरी फ्रिजमध्ये चिकन मुरत ठेवलेलं.

एकदम मामा आठवला. त्याच्याकडे शेळ्या होत्या. प्रत्येकीला नाव, एखादी अडली की हा रात्रभर गोठ्यात. स्वतःच्या गोठ्यातलं बोकड त्याने कधी खाल्लं नाही. वेळ आली की शेजाऱ्याशी अदलाबदल करायचा, त्यांचं बोकड आमच्याकडे, आमचं त्यांच्याकडे. मग दोन्ही घरं पोटभर जेवायची. लहान असताना वाटायचं मामा किती हळवा. आता वाटतं पक्का होता. किंवा दोन्ही असेल.

मी खाते, पुढेही खाईन बहुतेक. पण प्रत्येक वेळी आत काहीतरी हलतं. तुमचं कसं, ते लिहा. शाकाहार-मांसाहार वाद नको, प्लीज. तो घालायला आयुष्य पडलंय.

चष्मिष्ट:
आमचे ससे. "पाहुण्यांनी पाळायला नेले" असं सांगितलं होतं. त्या रात्रीचं मटण वेगळं लागत होतं असं भाऊ अजून म्हणतो. आई अजून नाही म्हणते.

निवांत_गडी:
मामांना दंडवत. आपण सगळे हीच अदलाबदल करतो की. फक्त बदल्यात बोकड न देता पैसे देतो.

डॉ_खूर:
मी जनावरांची डॉक्टर. मांसाहारी. दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली की समोरचा दचकतो.

रानजाई, ती कोंबडी अंड्यांसाठी पाळलेली किंवा गावठी असणार. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापायला जाते, त्यामुळे म्हातारी ब्रॉयलर आम्हालाही बघायला मिळत नाही. एकदाच एक मुलगी घेऊन आली होती, हौसेने वाचवलेलं पिल्लू, मोठं झालेलं. छातीवर मांस धरावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेली ही जात, पाय ते वजन पेलत नाहीत. ती बसूनच खायची. उठायची, चार पावलं टाकायची, पुन्हा बसायची. मुलगी विचारतेय, "डॉक्टर, चालेल ना ही?" काय सांगणार? जिने वाचवलं तिच्या हातात औषध होतं, पण दुखणं त्या कोंबडीच्या घडणीतच होतं.

त्या संध्याकाळी चिकन खाल्लं नाही. पुढच्या आठवड्यात खाल्लं. विचारणार होतातच, म्हणून आधीच लिहिलं.

मनीची_मावशी:
माझं उलटं. जन्माची शाकाहारी, मांसाला कधी हात लावला नव्हता. मग मांजर आली. तिला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि मिळतं मांसातून. कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय ढिलं पडतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कळला म्हणे, त्याआधी मांजरं नुसतीच मरायची. सुरुवातीला चिमट्याने धरून, तोंड फिरवून उकडायचे. आता हाताने हाडं काढते आणि फोनवर बोलत असते. एका मनीपायी वर्षाला किती कोंबड्या, हा हिशोब केलेला नाही, करणारही नाही.

निवांत_गडी:
मावशी, मनीला दीक्षा द्या शाकाहाराची 😄

मनीची_मावशी:
गंमत कळली, पण असं खरंच करणारे लोक आहेत हो. मांजरीला घरचं शाकाहारी खाणं म्हणजे हळूहळू मारणं. कुत्र्याचं एक वेळ जमतं, तेही डॉक्टरांना विचारून.

गोगलगाय:
मी "फक्त मासे" गटातली. का, तर मासा ओरडत नाही. खोटं कशाला बोलू. २००३ मध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांवर प्रयोग केला, ओठांत आम्ल टोचलं तर मासे टाकीतल्या खड्यांवर तोंड घासायला लागले, खायलाही उशिरा आले. माशाला नेमकं काय जाणवतं यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मी ते वाचलं तेव्हा पुढ्यात मासाच होता. काटे काढत वाचलं, पूर्ण.

धारवाला:
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. वडिलांचा मटणाचा धंदा. मी आता ऑफिसात असतो, पण कॉलेजात असताना सुट्टीत दुकानात बसायचो.

वडील बकऱ्यासमोर सुरीला धार लावत नसत. मागे वेगळी जागा होती त्यासाठी. एकाच्या देखत दुसरा कापायचा नाही. आधी पाणी. बिथरलेला असेल तर थांबायचं, गिऱ्हाईक ओरडलं तरी. धार अशी हवी की हात दुसऱ्यांदा फिरवावा लागू नये, त्यावर ते कुणाचंही ऐकून घेत नसत. बोथट सुरी दिसली म्हणून एका पोऱ्याला घरी पाठवलेलं मी पाहिलंय. घरी आल्यावर अंघोळ होईपर्यंत कुत्र्याला हात लावायचे नाहीत. कुत्रं दारातच त्यांचे पाय चाटायचं, त्याला काही सोयरसुतक नव्हतं.

लोक विचारायचे, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?" आणि त्याच दमात, "जरा चांगलं बघून द्या, चरबी नको." राग नाही कुणावर. पण इथे सगळ्यांना वाईट वाटतंय, ते खरंही आहे, आणि वाईट वाटून झाल्यावर जे काम उरतं ते कुणीतरी करत असतं. त्याला आपण घरी जेवायला बोलावतो का, एवढंच बघा.

रानजाई:
धारवाला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वडील स्वतः खायचे?

धारवाला:
खायचे. दुकान जोरात असेल त्या दिवशी मात्र नाही. आणि काळीज कधीच नाही. का, ते कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, तसे संबंध नव्हते आमचे.

टीपकागद:
प्राण्यांवर जीवही आणि ताटात मांसही, या विसंगतीला मानसशास्त्रात मीट पॅरॅडॉक्स म्हणतात. लौनन, हॅस्लम आणि बॅस्टियन यांचा २०१० चा एक प्रयोग आहे. काहींना वाळवलेलं गोमांस खायला दिलं, काहींना काजू, आणि मग प्राण्यांबद्दल प्रश्न विचारले. मांस खाल्लेल्यांनी कमी प्राण्यांची कदर करावीशी वाटते असं सांगितलं, आणि गायीला तर जरा खालचाच दर्जा दिला. म्हणजे मत ठरवून आपण खातो असं नाही, खाता खाता मत जुळवून घेतो. मला हे पटतं. जेवणानंतर मीही जरा जास्तच तर्कशुद्ध असतो.

निवांत_गडी:
काजू खाल्लेल्यांना काजूबद्दल विचारलं का?

अर्धाकप:
पटकन लिहिते, मुलं झोपलीयत तोवर. सोडलं होतं मी. मटण, अंडी, दूध, सगळं. पायांना मुंग्या, दिवसभर दमलेली, बी१२ तळाला. ते वनस्पतींतून मिळत नाही, गोळीच घ्यावी लागते, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. गोळीने बरंही वाटायला लागलं. म्हणजे गोळी घेऊन पुढे रेटता आलं असतं. तरी परत सुरू केलं, आणि सगळ्यांना सांगते "बी१२ मुळे". खरं कारण शेजारच्या घरातून येणारा वास. उठली वाटतं, बाय

काठावरची:
शाकाहाऱ्यांनी फार खूश व्हायला नको. गाय-म्हैस व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि निम्मी पिल्लं नर. त्यांचं काय होतं, विचारा एकदा. अंड्यांचंही तेच. अंडी देणाऱ्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसालाही परवडत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी उबवण केंद्रातच पहिल्या दिवशी संपवतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, आता अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रं आलीत.

निवांत_गडी:
ताई, वाद नको म्हटलं होतं ना.

काठावरची:
वाद कुठे, माहिती दिली. मीही दुधाचाच चहा पितेय हे लिहिताना.

चष्मिष्ट:
प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस कोण कोण खाईल? २०१३ ला लंडनमध्ये पहिला बर्गर खाऊन दाखवला होता, सिंगापूरने २०२० मध्ये विक्रीला परवानगीही दिली. प्राणी मारायचाच नाही, मग आपले वाईट वाटण्याचे वांधे.

डॉ_खूर:
मी खाईन. डोळे झाकून.

गोगलगाय:
नवऱ्याला विचारलं. म्हणाला, हाड असेल का त्याला? नसेल तर नको.

मनीची_मावशी:
डॉ_खूर, अवांतराबद्दल माफी. मांजरीला गोळी कशी द्यायची हो? मांसात लपवली तर मांस तेवढं चाटूनपुसून खाते, गोळी बशीत.

डॉ_खूर:
कुठली गोळी? काही कुस्करायच्या नसतात.

मनीची_मावशी:
डॉक्सीसायक्लिन.

डॉ_खूर:
मग कोरडी नका देऊ अजिबात. अन्ननलिकेत अडकली तर आत जखम होते. डोकं वरून धरा, थोडं मागे झुकवा, जिभेच्या मुळाशी गोळी, तोंड मिटा आणि लगेच सिरिंजने थोडं पाणी, गालाच्या बाजूने. जमत नसेल तर पातळ औषध लिहून मागा.

निवांत_गडी:
आणि मलमपट्टी जवळ ठेवा. मनीसाठी नाही.

मनीची_मावशी:
चावली. गोळी सोफ्याखाली. उद्या पातळ औषध मागते.