पूर ओसरल्यावरच समिती का आठवते?

कृष्णाकाठचा:
काल इथं एकानं लिहिलं, "तज्ज्ञ समित्या म्हणजे पैशाची नासाडी, पूर गावकऱ्यांनाच कळतो." वाचून डोकं फिरलं. 2019 च्या महापुरानंतर वडनेरे समिती नेमली, 2020 ला अहवाल आला, त्यात नदीकाठच्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी घरात! यात तज्ज्ञ कुठं चुकले? अहवाल घेऊन गप्प बसणारे चुकले.

मिरज_वेस:
त्याच अहवालात खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळं पूर येत नाही म्हटलंय. आम्ही मानायचं? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी गेलं 57 वर. आमची म्हातारी माळ्यावर, खाली म्हशी दावणीलाच गेल्या. पाणी उतरतच नव्हतं. धरणानं अडून मागं चढलेलं पाणी, म्हणजे फुगवटा नाही तर काय ते?

पाटबंधारे_निवृत्त:
फुगवटा मोजून ठरतो, वाटून नाही. कोयना, वारणा, पंचगंगा, सगळीकडं एकदम कोसळला पाऊस. 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं कोयना धरण भरत आलेलं. पाणी अडवणार कुठं?

मिरज_वेस:
धरण भरू दिलं कुणी? तुमच्याच खात्यानं! आणि चौकशीला अध्यक्ष कोण, तर जलसंपदाचेच निवृत्त प्रधान सचिव.

पाटबंधारे_निवृत्त:
मग धरणाचं गणित काय तलाठ्याला विचारायचं? उभी हयात कालव्यावर काढली आम्ही. तोंड सांभाळून बोला.

कोल्हापूरची_लेक:
भांडा अलमट्टीवरून! आमच्या गल्लीमागं नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकून अपार्टमेंट उठलं. आधी उंबऱ्याशी थांबणारं पाणी पुढच्या पुरात गॅसच्या शेगडीवर. परवानगी देताना कुठल्या तज्ज्ञाला विचारलं होतं?

मिरज_वेस:
ताई, भराव खरा आहे. पण सांगलीत पाणी तुंबतं ते खालूनच.

कृष्णाकाठचा:
खात्यातला अध्यक्ष नको, एवढं मान्य. बाहेरचे जलशास्त्रज्ञ घ्या, काठावरची माणसं घ्या, आणि समिती कायमची ठेवा, म्हणजे धरणं किती रिकामी ठेवायची ते पावसाळ्याआधी ठरेल. अहवालही लगेच खुला करा. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीनं ऑगस्ट 2011 ला अहवाल दिला. केंद्रानं तो दडपला, प्रकरण माहिती आयोगातून दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठं मे 2012 मध्ये लोकांच्या हाती पडला.

मिरज_वेस:
मराठीत द्या, ग्रामपंचायतीत लावा, वाचतो. पण अलमट्टीतून कुठल्या दिवशी किती विसर्ग झाला ते आकडे त्यातच हवेत. नाहीतर मी ऐकणार नाही.