अंगठ्यावरचा प्रवास: हौस की विषाची परीक्षा?

आडवाट (धागाकर्ता)

परवा भाच्याला हिचहायकिंगच्या, म्हणजे रस्त्यावर अंगठा दाखवून अनोळखी गाड्यांतून लिफ्ट घेत फिरण्याच्या, गोष्टी सांगत होतो, तर बहिणीने त्याला माझ्यासमोरून उठवून नेलं. म्हणून हा धागा.

गेल्या बारा वर्षांत दीडशेच्या वर लिफ्ट घेतल्या. त्यातल्या दोन वाईट म्हणाव्यात अशा. एक चालक प्यायलेला होता, दुसऱ्याने उतरताना ठरलं नसताना पैसे मागितले. बाकीच्या विसरल्या किंवा जन्मभर लक्षात राहिल्या. एकदा एक गृहस्थ थांबले. मागच्या सीटवर लंबकाचं जुनं घड्याळ आडवं ठेवलेलं. वडील गेले, घड्याळावरून बहिणीशी वर्षभर अबोला होता, आणि आता ते स्वतःच तिच्याकडे द्यायला निघाले होते. खड्डा आला की मागून ठण्ण. तीन तास हा माणूस बोलत होता, आणि पुन्हा कधी भेटणार नाही म्हणूनच बोलत होता. तिकीट काढून असं काही मिळत नाही.

याला वेडेपणा म्हणणाऱ्यांसाठी: पोलंडमध्ये १९५८ साली सरकारी आशीर्वादानेच हिचहायकिंगची पुस्तिका निघाली. लिफ्ट देणाऱ्याला त्यातली कुपनं फाडून द्यायची, कुपनं जमवणाऱ्या चालकांना बक्षिसं. नेदरलँड्समध्ये लिफ्टसाठी उभं राहायच्या जागांवर अधिकृत पाट्या आहेत. जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे पोलिसांनी १९८९ साली अभ्यास केला, तेव्हा निष्कर्ष निघाला की प्रत्यक्ष धोका लोकांना वाटतो त्याहून बराच कमी आहे.

माझं मत: धोका आहे, पण भीती त्याच्या दसपट आहे. बोला.

नस्ती_उठाठेव

दीडशे वेळा सुखरूप उतरलात, आनंद आहे. पण जे उतरले नाहीत ते धागा काढायला येत नाहीत, एवढं लक्षात घ्या.

ऑस्ट्रेलियातलं बेलांग्लोचं जंगल आठवा. १९९२-९३ मध्ये तिथे सात तरुण प्रवाशांचे मृतदेह सापडले, १९९६ मध्ये इव्हान मिलाट दोषी ठरला. त्याच्या तावडीतून १९९० च्या जानेवारीत एक ब्रिटिश तरुण निसटला होता. गाडीत बसवणारा माणूस आधी गोडगोडच बोलत होता, मग बंदूक निघाली. हा दार उघडून पळाला म्हणून वाचला. तुमच्या घड्याळवाल्याचा चेहरा आणि त्या माणसाचा चेहरा, काचेतून चार सेकंदांत फरक सांगाल?

आडवाट

नाही सांगू शकणार, मान्य. पण गोष्ट अर्धी सांगितलीत. तो तरुण पळाला आणि समोरून येणाऱ्या गाडीला आडवा गेला. ती गाडी एक बाई चालवत होती, आत मुलंबाळं. तिने त्याला आत घेतलं आणि थेट पोलीस ठाण्यात नेलं. म्हणजे मारायला उठला तो अनोळखी, आणि वाचवलं तेही अनोळखी माणसानेच.

नस्ती_उठाठेव

अहो, पण आधी कोणती गाडी येणार हे कुणाच्या हातात होतं? तोच तर माझा मुद्दा.

चकटफू

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे 'बाय द वे', इथे अगदी शब्दशः), हिचबॉट नावाचा रोबोट आठवतोय का कुणाला? कॅनडातल्या संशोधकांनी बनवलेला. चालता येत नव्हतं, गप्पा तेवढ्या मारायचा. २०१४ मध्ये लिफ्ट घेत घेत हॅलिफॅक्सहून व्हिक्टोरियाला, म्हणजे अख्खा कॅनडा पार करून गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेत सोडला तर दोन आठवड्यांत फिलाडेल्फियात कुणीतरी त्याचं डोकंच उडवलं. कुणाच्या बाजूने लिहिलंय मलाच माहीत नाही. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

साडेतीनशहाणी

आडवाट, तुमचं लिखाण आवडलं, पण दीडशे लिफ्ट हा पुरुषाचा हिशेब आहे.

"मनाला पटलं नाही तर बसू नये" हा सल्ला आता कुणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहिते. १९७७ साली कॅलिफोर्नियात वीस वर्षांच्या एका मुलीने नेमकं तेच केलं. दोन गाड्या नाकारल्या. तिसऱ्या गाडीत नवरा-बायको आणि तान्हं बाळ होतं, म्हणून बसली. सात वर्षं त्या माणसाच्या कैदेत होती. तिचा अंदाज चुकला असं म्हणवत नाही, कुणीही तोच केला असता.

आता माझं. एकूण दहा लिफ्ट घेतल्या. दहाव्या गाडीत बसल्यावर सवयीने दाराची खिटी चाचपली, तर दार आतून उघडेना. चालकाने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "मुलांसाठी लॉक केलंय." शेजारी खरंच लहान मुलाची खुर्ची होती, तिच्या फटीत बिस्किटाचा चुरा. तो खरं बोलत होता. चाळीस मिनिटांनी सांगितल्या जागी गाडी थांबवली, स्वतः उतरून दार उघडलं, "सांभाळून जा" म्हणाला. मी हसून आभार मानले आणि पुढे झाडाखाली जाऊन ओकले.

तुमच्या त्या जर्मन अभ्यासात माझी ही लिफ्ट "काही घडलं नाही" याच रकान्यात जाईल. अकरावी मी घेतली नाही.

नस्ती_उठाठेव

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत).

स्टिअरिंगमागून

मी लिफ्ट देणारा. आमची बाजू कुणी विचारतच नाही. भीती मलाही वाटते. अनोळखी माणूस शेजारी, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागे कुणी बसणार असेल तर नाहीच म्हणतो.

थांबतो का? लांबच्या रस्त्यावर, दुपारी, जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते तेव्हा. बोलणारं माणूस असलं की जाग राहते, हा माझा शुद्ध स्वार्थ. आणि हो, खुनी चालकांची एवढी चर्चा चाललीय, पण पेंगणारा, मोबाइल बघणारा, पट्टा न लावणारा चालक त्यांच्याहून कितीतरी जास्त वेळा भेटणार. धागाकर्त्याने दारुड्याचा किस्सा एका ओळीत उरकला. मला तोच सगळ्यात धोकादायक वाटला.

वळणाच्या पुढे उभे राहणाऱ्यांना हात जोडतो. तुम्ही दिसेपर्यंत मी पुढे गेलेलो असतो, आणि थांबलो तर मागचा येऊन आदळेल. जर्मनी, ब्रिटनमध्ये मोटरवेवर पायी जायलाच बंदी आहे, ती उगीच नाही. त्यापेक्षा पेट्रोल पंपावर येऊन सरळ विचारा. तिथे तुम्ही मला नीट बघता, मी तुम्हाला, आणि आजूबाजूला माणसं असतात. कुठे जायचंय हे आधी सांगू नका, मला विचारा मी कुठे चाललोय. नाही म्हणायला वाट राहते. नंबरप्लेटचा फोटो माझ्यासमोरच काढा आणि घरी पाठवा. ज्याला राग येईल त्याच्या गाडीत बसू नका. बॅग डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या.

चकटफू

एवढं सगळं करायचं तर ब्लाब्लाकार, ते पैसे देऊन दुसऱ्याच्या गाडीत जागा मिळवायचं अ‍ॅप, काय वाईट? २००६ पासून आहे. नाव, गाडी, आधीच्या प्रवाशांचे शेरे, सगळं आधी दिसतं.

आडवाट

वाईट काहीच नाही. पण तिथे मी गिऱ्हाईक असतो. गिऱ्हाइकाला कुणी घड्याळाची गोष्ट सांगत नाही.

रात्रपाळी

तुम्ही सगळे हौसेबद्दल बोलताय म्हणून लिहितोय. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट असा हायवे १६ आहे, सातशे किलोमीटरच्या वर. लोक त्याला अश्रूंचा महामार्ग म्हणतात. तिथून १९७० च्या आसपासपासून कितीतरी बायका-मुली नाहीशा झाल्या किंवा मारल्या गेल्या, त्यात मूलनिवासी समाजातल्या खूप. त्यातल्या बऱ्याच जणी लिफ्ट मागत होत्या, कारण दवाखाना, दुकान, नातेवाईक सगळं लांब आणि बस नाही. २००६ मध्ये तिथल्या लोकांनी परिषद घेऊन बससेवा मागितली. ती सुरू व्हायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात "लिफ्ट घेऊ नका" असे फलक मात्र उभे होते.

याच्या उलट क्युबा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर इंधन मिळेना, तेव्हा तिथे पिवळ्या गणवेशातली सरकारी माणसं रस्त्यावर उभी राहिली. जागा असलेली सरकारी गाडी थांबवायची आणि रांगेतल्या माणसांना क्रमाने बसवायचं. लिफ्टच, पण कुणाच्या मर्जीवर नाही.

मीही शेवटची बस चुकल्यावर लिफ्ट घेतली आहे, रात्री दोनला, नोकरी टिकवायची म्हणून. त्यात साहस वगैरे काही नव्हतं. घरी पोचल्यावर सांगण्यासारखी गोष्टही नव्हती.

आडवाट

रात्रपाळी, हे मी धाग्यात लिहायला हवं होतं. मला कधीही बसने परतता आलं असतं, म्हणून मला मजा आली. शहाणीताई, तुमच्या दाराच्या खिटीला माझ्याकडे उत्तर नाही. "भीती दसपट" हे वाक्य मी मागे घेतो. निदान सगळ्यांच्या वतीने ते बोलायला नको होतं.

भाच्याला मात्र सांगणारच. तो अठराचा झाल्यावर, पेट्रोल पंपावरून, दिवसाउजेडी, आणि आधी एकदा माझ्याबरोबर.

नस्ती_उठाठेव

बहिणीला विचारलंत का?

आडवाट

ती हा धागा वाचतेय. आत्ताच फोन येऊन गेला.

साडेतीनशहाणी

😄 बरं, त्या घड्याळाचं काय झालं? घेतलं का त्यांच्या बहिणीने?

आडवाट

कळलंच नाही. तिच्या घराच्या अलीकडच्या फाट्यावर त्यांनी मला उतरवलं. गाडीच्या घड्याळात पावणेसहा झाले होते, मागच्या घड्याळात साडेअकरा.