बेचिराग, बेचिराख आणि रिठी

प्रश्न : आजोबांच्या जुन्या खरेदीखतात शेताचा पत्ता 'मौजे अमुक (बेचिराग)' असा आहे. गाव कधी जळालं होतं का? आणि शब्द 'बेचिराख' हवा ना?

उत्तर : खतातला शब्द बरोबर आहे, जळण्याशी त्याचा संबंध नाही. चिराग म्हणजे दिवा. जिथे तिन्हीसांजेला एकाही घरात दिवा लागत नाही, ते बेचिराग. फारसीतून आलेला हा महसुली शब्द. पुढे लोकांना त्यात 'राख' ऐकू आली आणि बॉम्ब पडून शहरं 'बेचिराख' होऊ लागली. त्या अर्थाने तो आता पक्का रुळलाय, खुशाल लिहा. ओस गावाला मात्र तो लावू नका. बेचिराग गाव नष्ट झालेलं नसतं. नाव, शीव, शेतांचे नंबर, साऱ्याची आकारणी सगळं सरकारी दप्तरात शाबूत. शेती शेजारच्या गावचे लोक कसतात, फक्त वस्ती नाही. 2011च्या जनगणनेतही महाराष्ट्रातली 2,500हून जास्त गावं अशी निर्जन निघाली.

आणखी एक वाचक : आमच्या विदर्भात याला रिठ म्हणतात. गावाच्या नावापुढे 'रिठी' लागलं की समजायचं, तिथे कोणी राहत नाही. जाऊन पाहिलं तर चिंचेची दोन-चार झाडं, मारुतीचा ओटा आणि पायाखाली खापरंच खापरं.

उत्तर : त्या खापरांच्या जागेला देशावर 'पांढरी' म्हणतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण साचून ती पांढुरकी होते. धाब्याच्या म्हणजे मातीच्या सपाट छपरावर घालायला आणि शेताला खत म्हणून लोक ती खणून नेतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या प्राचीन ठिकाणी त्यात पुरातत्त्वाचं फार नुकसान झालं.

गाव मोडायला दुष्काळ, स्वारी, साथ काहीही पुरे. 1630च्या सुमारास दख्खनेत दुष्काळ आणि लढाया एकदमच आल्या. वसवणं मात्र चिकाटीचं काम. आधी कौल, म्हणजे अभयाचा आणि सवलतीचा कागद. मग इस्तावा : पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दरसाल थोडा चढवत काही वर्षांनी पुऱ्या दरावर. नुसत्या कागदाने कुळं, म्हणजे कसणारी कुटुंबं, येत नाहीत, हे शिवाजी महाराजांना ठाऊक होतं. दक्षिण कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना 1676 साली गेलेलं पत्र वाचा. गावोगाव फिरा, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्याला दोन-चार बैलांचे पैसे द्या, पोटाला खंडी-दोन खंडी (खंडी हे धान्याचं जुनं मोठं माप) दाणे द्या, आणि व्याज न लावता फक्त मुद्दल त्याला झेपेल तसं हळूहळू वसूल करा, असं त्यात सांगितलंय. माझ्या मते वसाहतीबद्दलचा इतका व्यवहारी मराठी कागद विरळा.

प्रश्न : मग 'उपरा' याच व्यवहारातला?

उत्तर : हो. वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून येऊन नुसती कसणारा तो उपरी. आज त्यात जो हिणवण्याचा सूर आहे तो दप्तरात नव्हता. ओस गावांना तर उपरीच हवे असत.

तुमच्या मौजेचा गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. त्यावर गावठाणाची हद्द दाखवलेली असेल तर पांढरी नेमकी कुठे होती ते कळेल.