गोलावरच्या चकत्या: जी(थीटा) १ वर का टेकत नाही?

प्रश्न
एकक त्रिज्येचा गोल, ४०० कठीण चकत्या, पृष्ठावरून मोजलेला व्यास ०.१४१४, म्हणजे व्याप्ती (पृष्ठाचा चकत्यांनी झाकलेला भाग) ०.५. मॉन्टे कार्लोत (यादृच्छिक चालींच्या गणनापद्धतीत) चकतीचे थीटा आणि फाय (ध्रुवापासूनचा कोन आणि रेखांश) थोडे हलवतो. चकत्या एकमेकींवर चढल्या नाहीत तर चाल मान्य. जी(थीटा) म्हणजे एकमेकींपासून थीटा कोनावर असलेल्या जोड्यांचं, निव्वळ यादृच्छिक मांडणीच्या तुलनेतलं प्रमाण; दूरवर ते १ हवं. त्याचं पहिलं शिखर ठीक, पण ९० अंशांवर ०.६ आणि १८० ला जवळपास शून्य. ध्रुवांपाशी गर्दीही दिसते. वक्रतेचा परिणाम की चूक?

उत्तर १
चूक, आणि दोन वेगळ्या.

जोड्या मोजताना थीटा१ ते थीटा२ या कोनांमधल्या कड्याचं क्षेत्रफळ तुम्ही सपाट प्रतलाचं धरलंय. त्यामुळे साइन थीटा भागिले थीटा हा गुणक चिकटतो. ९० अंशांना तो ०.६४. त्याऐवजी २ पाय (कॉस थीटा१ − कॉस थीटा२) घ्या.

गर्दीचं कारण चालीत आहे. थीटा-फायमध्ये सारख्या पावलांनी हललात तर क्षेत्रफळाचं माप सुटतं. मान्यतेत नव्या-जुन्या साइन थीटाचं गुणोत्तर घाला. त्याहून बरं म्हणजे जागा एकक सदिश म्हणून ठेवा, त्यात गाऊसियन सदिश मिळवा आणि लांबी परत १ करा. चालीची संभाव्यता फक्त कोनावर ठरते, म्हणून तपशीलवार संतुलन (जाण्या-येण्याच्या चालींचा समतोल) टिकतं. पडताळा: दोन्ही ध्रुवांपासून ३० अंशांच्या आत मिळून सरासरी ५३.६ कण हवेत.

टक्कर तपासायला आर्ककॉस नको: बिंदुगुणाकार ०.९९०० च्या वर गेला की चकत्या चढल्या.

उत्तर २
प्रोग्राम तपासायला कठीण चकत्या सोयीच्या नाहीत, नेमकं उत्तर हाताशी नसतं. गोलावरचा द्विमितीय प्लाझ्मा (एकमेकांना दूर ढकलणारे विद्युतभारित कण) चालवा, गॅमा (परस्परक्रियेची तीव्रता) २. मांडणीच्या संभाव्यतेचा भार म्हणजे सर्व जोड्यांच्या अंतरांच्या वर्गांचा गुणाकार. कायलॉल यांनी १९८१ मध्ये दिलेलं उत्तर: जी = १ वजा कॉस(थीटा/२)चा २(एन−१) घात, एन म्हणजे कणसंख्या. २० कण पुरेत, घात ३८. अंतर सरळ जीवेचं घ्या, पृष्ठावरचं घेतलं तर जुळणार नाही. आणि जी काढताना भागाकार एन वर्गाने करा. एन(एन−१) ने केलात तर दूरवर १.०५ दिसेल आणि नसलेली चूक शोधत बसाल.

प्रश्नकर्ता
दोन्ही जुळलं, आभार. आता व्याप्ती ०.७२ केली, तर पाच शेजाऱ्यांचे कण काही केल्या जात नाहीत.

उत्तर १
ही मात्र वक्रताच. ऑयलरच्या सूत्रानुसार (६ − शेजारी) यांची बेरीज गोलावर १२ च येते, कितीही वेळ चालवा. बारापेक्षा जास्त पंचशेजारी दिसले तरी दचकू नका: पाच-सातच्या जोड्या त्यांना चिकटून ओळी करतात. बाउश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पाण्याच्या थेंबांवरच्या मण्यांत त्या पाहिल्या, त्रिज्या कणांतल्या अंतराच्या सुमारे ५ पट झाल्यावर. तुमच्या ४०० कणांना हे गुणोत्तर ५.२५ येतं, म्हणजे तुम्ही ऐन उंबरठ्यावर आहात.