ढगाच्या पोटात शिरायलाच हवं
उपग्रह असताना ढगांत विमानं पाठवायची कशाला, असं काही जण विचारतात. आपला हवामान उपग्रह इन्सॅट सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ढगाचा माथा बघतो. माथा किती थंड, त्यावरून उंचीचा अंदाज येतो. पण पोटातले थेंब केवढे, ते आत शिरूनच मोजावं लागतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून ढगांच्या अभ्यासाच्या 'कायपीक्स' मोहिमेत तेच केलं, विमानाच्या पंखाखाली उपकरणं लावून.

उपग्रहाचं मोल मात्र आम्हा श्रीवर्धनकरांना सांगायला नको. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, तेव्हा इशारा आधीच मिळाल्याने होड्या आदल्या दिवशीच वर ओढलेल्या, म्हातारी माणसं पक्क्या घरांत हलवलेली. वाडीतल्या पोफळी कमरेतून मोडल्या, हिरवी सुपारी चिखलात पडली. माणसं वाचली हो!